स्वतः भरलेली काडतुसं पिस्तुलात अडकतात तेव्हा

दुकानातली काडतुसं बिनतक्रार चालतात आणि स्वतः भरलेली त्याच पिस्तुलात दर मॅगझिनमागे एकदोनदा अडकतात. अशा वेळी नवख्या माणसाचा हात सगळ्यात आधी जातो तो क्रिम्पच्या डायकडे, म्हणजे पुंगळीचं (काडतुसाच्या पितळी कवचाचं) तोंड गोळीभोवती मिटवणाऱ्या साच्याकडे. क्रिम्प थोडा घट्ट करायचा, तरी अडकलं तर आणखी घट्ट. पुष्कळदा क्रिम्पचा काही संबंधच नसतो आणि या घट्ट करण्यातून मूळ दोष तसाच राहून दुसरा नवा तयार होतो. काडतूस नेमकं कुठे थांबलं आणि त्याच्या अंगावर कुठे खूण उमटली हे पाहिल्याशिवाय एकाही डायला हात लावू नका. बाकीचा सगळा लेख या एका गोष्टीचा विस्तार आहे.

इथलं विवेचन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांपुरतं आहे: ९ मिमी लुगर, .४० एस अँड डब्ल्यू, .४५ एसीपी आणि त्यांची भावंडं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचं गणित वेगळं असतं. पावडरीचं एकही वजन या लेखात सापडणार नाही. ते पावडर किंवा गोळी बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं, ऐकीव माहितीवरून नाही. आणि काडतुसं भरायला परवाना लागतो का, मुळात परवानगी आहे का, हे आपापल्या ठिकाणच्या कायद्यात आधी पाहून घ्या.

अडकल्या क्षणी

नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग आठवा: आधीच्या गोळीचा आवाज नेहमीसारखा होता का? आवाज फुसका आला असेल किंवा धक्का जाणवलाच नसेल, तर ती गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. अशा वेळी मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढण्याची सवय घातक ठरते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामं करा, पिस्तूल उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला नाही तर त्या दिवसाचा नेमबाजीचा कार्यक्रम तिथेच संपला.

स्लाइड शेवटचे दोनतीन मिलिमीटर बंद होत नसेल तर तळहाताने ठोकून बंद करू नका. जे काडतूस स्प्रिंगच्या जोरावर आत जात नाही ते आत न जाण्याला काहीतरी कारण आहे, आणि ठोकल्यावर ते कारण चेंबरमध्ये घट्ट रुतून बसतं. मग स्लाइड मागेही येत नाही. तशी वेळ आलीच तर रेंजवरच्या जबाबदार माणसाला बोलवा. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असलेलं पिस्तूल पिशवीत घालून घरी न्यायचं नाही.

बाकी वेळी, स्लाइड ओढून सगळं मोकळं करण्याआधी तीन-चार सेकंद नुसतं बघा. काडतुसाचं नाक कुठे आहे, मागची कड कुठे आहे, स्लाइड किती उघडी आहे. ते काडतूस काढून वेगळ्या खिशात ठेवा. जमिनीवर पडून बाकीच्यांत मिसळलं की पुरावा गेला.

दोष काडतुसाचा आहे, हे आधी ठरवा

गोल नाकाची कारखान्यात भरलेली काडतुसं आणा. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच माणूस. ती अडकली तर तुमची रीलोडिंगची खोली निर्दोष आहे. मग मॅगझिनचे ओठ वाकले आहेत का, त्याची स्प्रिंग थकली आहे का, एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली) मळ साचला आहे का, हे बघायचं. मॅगझिनांच्या तळावर रंगाने आकडे टाकून ठेवा. दहापैकी दहा वेळा काडतूस दोन नंबरच्या मॅगझिनमध्येच अडकतं, हे कळायला दुसरा उपाय नाही. पकडीचाही विचार करा. मनगट सैल असेल तर पिस्तूल स्लाइडबरोबर मागे जातं आणि स्लाइडचा फेरा अपुरा राहतो.

कारखान्याची चालली आणि तुमची अडकली, तर पुढे वाचा.

थांबल्या जागेवरून काय कळतं

नाक फीड रॅम्पच्या (मॅगझिनकडून चेंबरकडे चढणाऱ्या उताराच्या) खालच्या भागाला टेकून काडतूस खाली झुकलं असेल, तर लांबी, नाकाचा आकार किंवा मॅगझिन यांच्यावर संशय घ्या. नाक चेंबरच्या वरच्या काठाला लागून काडतूस तिरकं अडकलं असेल, तर मॅगझिन त्याला लवकर सोडतंय, किंवा लांबी कमी आहे, किंवा रिम (पुंगळीच्या बुडाची कड) एक्स्ट्रॅक्टरखाली सरकत नाहीये. काडतूस जवळजवळ पूर्ण आत आणि स्लाइड किंचित उघडी, हा घरी भरलेल्या काडतुसांचा सगळ्यात खास दोष. इथे गडबड बहुतेक वेळा मापाची असते, आणि ती हमखास शोधता येते.

रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकली, किंवा स्लाइड रिकाम्या चेंबरवर बंद झाली, तर ते फीडिंग नाहीच. स्लाइड पुरेशी मागे गेली नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नसेल तर संशय आणखी पक्का. टार्गेटसाठी मुद्दाम हलकं भरलेलं काडतूस आणि पूर्ण ताकदीची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) यांचं पटत नाही. पाच इंची नळीच्या १९११ मॉडेलच्या पिस्तुलात .४५ साठी साधारणपणे १६ पौंडाची स्प्रिंग असते, आणि हलक्या काडतुसांसाठी लोक त्याहून मऊ स्प्रिंग घालतात. नाहीतर तक्त्याच्या मर्यादेत राहून पावडर थोडी वाढवायची. यापुढे या प्रकाराबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

बॅरलची चाचणी

पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघा आणि बॅरल, म्हणजे नळी, बाहेर काढा. पिस्तुलाबाहेर काढलेल्या बॅरलला फायरिंग पिन नसते, त्यामुळे इथे जिवंत काडतूस तपासायला हरकत नाही. तरी नाक आपल्याकडे करून धरू नका. चेंबर आधी स्वच्छ पुसून घ्या. शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे पुंगळीचं तोंड टेकतं तिथे, शिशाचं आणि वंगणाचं बारीक कडं जमतं. ते कडं असेपर्यंत कुठलंही काडतूस नापासच होणार.

आता बॅरल उभी धरा, चेंबर वर. काडतूस बोटांतून सोडा, ढकलू नका. तीन गोष्टी व्हायला हव्यात. ते टण्णकन खाली बसलं पाहिजे. बोटाने फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे. बॅरल उलटी केली की स्वतःच्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. कारखान्याचं एक काडतूस आधी टाकून पाहा, म्हणजे त्याचं बूड बॅरलच्या मागच्या काठाशी कुठल्या पातळीला येतं ते डोळ्यांत भरेल. तुमचं त्याहून वर राहिलं तर ते नापास.

नापास काडतूस बाहेर काढून गोळीपासून बुडापर्यंत काळ्या परमनंट मार्करने रंगवा. शाई वाळू द्या. परत चेंबरमध्ये टाका, बोटाच्या हलक्या दाबाने एक पूर्ण फेरा फिरवा आणि काढून उजेडात धरा. शाई जिथे खरवडली गेली तिथे अडथळा आहे.

गोळीच्या वक्र भागावर, पुंगळीच्या तोंडापासून थोडं पुढे, बारीक समांतर चरे दिसले तर गोळी रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकतेय. गोळी जास्त बाहेर राहिली आहे. पुंगळीच्या अगदी तोंडाच्या कडेवर चकचकीत पितळी रेघ आली तर तोंडाचा फुलवलेला भाग पूर्ण मिटलेला नाही. तोंडाच्या खाली, जिथे आत गोळीचं बूड असतं, तिथे फक्त एका बाजूला पट्टा घासला गेला तर गोळी तिरकी बसली आहे. तोच पट्टा चहूबाजूंनी असेल तर गोळीचा व्यास मोठा आहे किंवा पितळ जाड आहे. आणि खूण रिमच्या जरा वर, बुडाजवळ असेल तर पुंगळी खालपर्यंत साइझ झालेली नाही, म्हणजे दाबून परत मापाला आलेली नाही.

केस गेज (काडतूस टाकून माप तपासायचा ठोकळा) हे छान साधन आहे, पण ते बॅरलची जागा घेऊ शकत नाही. गेजमध्ये रायफलिंग नसतं. काही पिस्तुलांचा चेंबरपुढचा मोकळा गळा फारच आखूड असतो. सीझेड ७५ च्या घराण्यातली पिस्तुलं त्यासाठी रीलोडिंग करणाऱ्यांत प्रसिद्धच आहेत. गेजमध्ये उत्तम बसलेलं काडतूस तिथे रायफलिंगला टेकू शकतं. दोन पिस्तुलांसाठी एकच काडतूस भरणार असाल तर ज्याचा गळा आखूड त्याच्यावर माप ठरवा.

क्रिम्प: पितळ फक्त सरळ करायचं

गोळी ठेवायला सोपं जावं म्हणून पुंगळीचं तोंड आपण कर्ण्यासारखं किंचित फुलवतो. टेपर क्रिम्पचं काम एवढंच, की तो फुलवा परत मिटवायचा. गोळी धरून ठेवायचं काम क्रिम्पचं नाही. ते पुंगळीच्या भिंतीच्या आवळण्याने होतं. माझ्या मते नवख्यांचा निम्मा गोंधळ ही एक गोष्ट नीट न कळल्यामुळे होतो.

माप काढणं सोपं आहे. ९ मिमीची जॅकेटवाली (धातूचं कवच असलेली) गोळी ९.०२ मिमी व्यासाची. पुंगळीची भिंत तोंडापाशी साधारण ०.३० मिमी. दोन भिंती मिळवल्या की ९.६२. मानकाप्रमाणे तोंडाचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त ९.६५ मिमी, म्हणजे ०.३८० इंच. तेव्हा ९.६० ते ९.६५ च्या दरम्यान कॅलिपरचा (माप घ्यायच्या सरकत्या पट्टीचा) काटा आला की थांबायचं. .४५ मध्ये हीच कमाल मर्यादा १२.०१ मिमी, म्हणजे ०.४७३ इंच. कॅलिपरच्या जबड्याचा पातळ टोकाकडचा भाग अगदी तोंडाच्या कडेवर धरा. जाड भागाने मोजलं तर खालची भिंत मोजली जाते आणि आकडा फसवा येतो.

क्रिम्प अती झाला की काय होतं? पितळाला थोडी स्प्रिंग असते, शिशाला नसते. दाबल्यावर गोळी आवळून लहान होते, पितळ मात्र किंचित परत फुलतं, आणि गोळी आधीपेक्षा सैल बसते. तांब्याचा पातळ मुलामा असलेल्या गोळ्यांचा मुलामाच कापला जातो. शिवाय ही काडतुसं चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतात. ती कड आत वळवली तर काडतूस हवं त्यापेक्षा पुढे जाऊन बसतं. खात्री करायची असेल तर एक गोळी पुलरने (गोळी उपसायच्या साधनाने) काढून तिच्या कमरेकडे बघा. पुसट रेघ चालेल. नखाला लागणारा खोल चर नको.

गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं शक्यतो वेगवेगळ्या डायमध्ये करा. एकाच डायमध्ये दोन्ही केलं तर गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड मिटायला लागतं. शिशाची गोळी असेल तर तिचा कीस निघून कडेवर गोळा होतो, आणि तोच कीस पुढे चेंबरमध्ये आडवा येतो.

लांबी

९ मिमी लुगरची मानकातली कमाल एकूण लांबी २९.६९ मिमी आहे, .४५ एसीपीची ३२.३९ मिमी. या कमाल मर्यादा आहेत, लक्ष्य नव्हे. प्रत्येक गोळीच्या नाकाचा आकार वेगळा, म्हणून तक्त्यात त्या विशिष्ट गोळीसाठी दिलेली लांबी हीच सुरुवात. वर्तुळाकार नाकाची गोळी ज्या लांबीला सुरेख चालते त्याच लांबीला जाड खांद्याची किंवा सपाट नाकाची गोळी रायफलिंगला टेकेल.

तुमच्या बॅरलची मर्यादा काढायला प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेलं डमी काडतूस करा. गोळी मुद्दाम लांब ठेवा, बॅरलमध्ये टाका, फिरवा. अडलं तर किंचित खाली बसवा, परत टाका. ज्या लांबीला ते मोकळं फिरायला लागेल त्यातून आणखी ०.३ ते ०.४ मिमी कमी करा. मग तेच डमी मॅगझिनमध्ये घालून बघा, कारण बॅरलमध्ये पास झालेलं काडतूस मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला घासत असेल तर वर येताना नाक खाली झुकतं.

इथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. गोळी खोल बसवली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ९ मिमीची पुंगळी मुळातच लहान, तिथे हा फरक पटकन जाणवतो. अडकतंय म्हणून गोळी खाली घेतलीत आणि पावडर तीच ठेवलीत, तर काडतूस चालेल, पण दाब किती झाला ते तुम्हाला कळणार नाही. लांबी तक्त्यापेक्षा कमी झाली की पावडर परत सुरुवातीच्या वजनावर आणायची, आणि तिथून वर चढायचं.

.४५ च्या सेमी-वॅडकटर गोळ्यांचा एक जुना नियम कामाचा आहे: गोळीचा धारदार खांदा पुंगळीच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीइतका दिसला पाहिजे. १९११ ची रचना मुळात गोल नाकाच्या गोळीभोवती झाली. खांद्याची गोळी तिथे पाहुणी आहे, तिची थोडी मर्जी राखावी लागते.

एकाच दिवशी भरलेल्या काडतुसांची लांबी वरखाली होत असेल तर सीटिंग (गोळी बसवायच्या) डायमधला स्टेम, म्हणजे गोळीला खाली ढकलणारा दांडा, काढून बघा. शिशाच्या गोळ्यांचं वंगण तिथे साचतं आणि प्रत्येक गोळी थोडी अधिक खोल जाते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका दमात सगळ्या क्रिया करणाऱ्या यंत्रावर) दुसरंही कारण असतं: एकच पुंगळी ठेवून डाय लावली आणि नंतर सगळी स्टेशनं भरून चालवली, की शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी चकती) वेगळ्या प्रकारे झुकते. डाय लावताना सगळी स्टेशनं भरलेली असू द्या.

गोळी आत ढकलली जातेय का

हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळ्यात वाईट. काडतूस रॅम्पवर आदळतं तेव्हा सैल गोळी पुंगळीत आत सरकते. लांबी कमी होते, नाक चुकीच्या जागी येतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे दाब वाढतो.

कॅलिपरने डमीची लांबी मोजून लिहून ठेवा. मॅगझिनमधून स्लाइड सोडून ते चेंबरमध्ये जाऊ द्या, काढा, परत मोजा. हे चारपाचदा करा. मिलिमीटरच्या एकदोन शतांशाचा फरक कॅलिपर धरण्यातूनही येतो. एक दशांश मिलिमीटर किंवा जास्त गेली, किंवा दर फेऱ्याला थोडी थोडी जातच राहिली, तर पुंगळीची पकड कमी आहे. दुसरी चाचणी: डमीचं नाक लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्याने जोरात दाबा. हलता कामा नये.

पकड कमी असण्याची कारणं बहुधा तीन. एक्सपांडर (तोंड फुलवणारा दांडा) जाड आहे. त्याचा व्यास गोळीपेक्षा दोनतीन शतांश ते पाचसात शतांश मिलिमीटरने कमी असायला हवा. किंवा फुलवताना तो फार खोल जातोय. किंवा पितळाची भिंत पातळ आहे, जे वेगवेगळ्या शिक्क्यांच्या (कारखान्यांच्या) पुंगळ्या मिसळल्या की होतं. काही पुंगळ्यांना आत पायरी असते. टॉर्च मारून बघितलं तर भिंत मध्येच जाड झालेली दिसते. तशा पुंगळ्या सरळ भंगारात टाका, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

क्रिम्प वाढवून हा दोष जात नाही. का, ते वर आलंच आहे.

बुडाकडच्या गोष्टी

प्रायमर पुंगळीच्या पातळीच्या किंचित खाली हवा, साधारण ०.१ मिमी. वर राहिलेला प्रायमर ब्रीचफेसवर (स्लाइडच्या ज्या सपाट भागावर काडतुसाचं बूड टेकतं त्यावर) घासतो, काडतूस एक्स्ट्रॅक्टरखाली वर सरकत नाही, आणि स्लाइड बंद होताना काडतूस उडण्याचा धोकाही असतो. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायची सवय लावा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. लष्करी पितळात प्रायमरच्या खिशाला क्रिम्प असतो. तो काढल्याशिवाय प्रायमर नीट बसत नाही.

बूड फुगलेलं असेल तर साइझिंग डाय शेलहोल्डरपर्यंत (पुंगळी धरणाऱ्या खोबणीपर्यंत) खाली येतेय का बघा. कार्बाइडची डाय असेल तर जेमतेम टेकेल एवढीच, आदळू देऊ नका, कडं तडकतं. ज्या बॅरलचं चेंबर खालून मोकळं असतं त्यातून आलेल्या .४० आणि .४५ च्या पुंगळ्यांना बुडाजवळ पोट येतं. त्या आरपार जाणाऱ्या डायमधून काढता येतात. ९ मिमीची पुंगळी निमुळती असल्यामुळे तिला तो उपाय चालत नाही. रिमला खरचटून कंगोरा आला असेल किंवा ती वाकली असेल तर पुंगळी टाकून द्या. साइझिंगचं वंगण शेवटी पुसून टाका, चिकट काडतूस मॅगझिनमध्येही नीट सरकत नाही.

बदल केल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा: गोळी, लांबी, तोंडाचा व्यास, पितळाचा शिक्का, कुठलं मॅगझिन. आधी डमी करा. त्यांच्या पुंगळीला आडवं भोक पाडून ठेवा, म्हणजे जिवंत काडतुसात मिसळली तरी ओळखू येतील. डमी मॅगझिनमधून हाताने फिरवा, स्लाइड मुठीत धरून हळू पुढे न नेता मोकळी सोडा. जिवंत काडतुसांनी ही कसरत घरात करायची नाही. त्यानंतर एखादं मॅगझिन भरेल एवढीच जिवंत भरा आणि रेंजवर बघा. पाचशे भरून ठेवायची घाई बहुतेक वेळा पुलर हातात घेऊनच संपते.

आधीच भरून ठेवलेल्या सदोष काडतुसांचं काय? प्रत्येक काडतूस बॅरलमध्ये टाकून वेगळं करा. फक्त तोंडाचा फुलवा राहिला असेल तर ती क्रिम्पच्या डायमधून परत काढा, झालं. लांब राहिलेली, आणि अजून क्रिम्प न केलेली, परत खाली बसवता येतात, पण नवी लांबी तक्त्यात बसत असेल तरच. क्रिम्प झालेली गोळी खाली रेटली तर कीस निघतो, ती उघडलेली बरी. गोळी आत गेलेली काडतुसं पुलरने उघडा, गोळी बाहेर ओढून तीच परत वापरायचा मोह नको. प्रायमर वर राहिलेलं भरलेलं काडतूस प्रेसमध्ये घालून प्रायमर दाबू नका, कितीही किंचित वर असला तरी. डोळ्यांवर चष्मा चढवून तेही उघडा. ज्यांच्या पावडरीचं वजन वहीत सापडत नाही, ती पास झाली तरी याच ढिगात.